सहा आण्यांच्या आत

आमच्या खात्यात गमतीनं म्हणायचे, पीक शेतात पिकतं आणि आणेवारी चहात. मी चौतीस वर्षं तलाठी होतो, त्यातली तेरा मुळशीत काढली. चांद्याच्या पलीकडची तीन गावं, एक सायकल, एक लाकडी पेटी आणि पौडच्या कचेरीत महिन्यातून दोनदा खाल्लेल्या शिव्या, एवढाच माझा संसार होता म्हणा ना. ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. त्या गावानं माझी जितकी लाज राखली तितकी मी त्याची राखतो.

आणेवारी म्हणजे काय, हे आता कुणाला ठाऊक नसेल. पीक भरपूर आलं तर सोळा आणे धरायचे, निम्मं आलं तर आठ. दर कार्तिकात महसूल खात्याचे सर्कलसाहेब यायचे, एखादं खाचर निवडायचे, त्यातला गुंठाभर तुकडा कापून घ्यायचे, झोडायचे, वजन करायचे. त्या गुंठ्यावरून अख्ख्या गावाचं पीक किती आणे ते ठरायचं. सहा आण्यांच्या आत आलं की त्या वर्षीचा शेतसारा तहकूब. मग गावानं काय करावं? कुठलंही शहाणं गाव करील तेच आमच्या गावानं केलं.

चावडीकडून निघालं की वाटेवरचं पहिलं खाचर कुशाबाचं होतं. माझ्या काळात सर्कल पाच बदलले, पण चौसष्ट सालापर्यंत एकाचाही जोडा त्या पहिल्या बांधापलीकडे गेला नाही. हे हैबतरावांनी हेरलं. हैबतराव गावचे सरपंच, सहा फुटी माणूस, गावासाठी उन्हातान्हात वणवण करणारा आणि खोटं बोलतानाही देवाचं नाव घेऊन बोलणारा. त्यांनी कुशाबाला घातली गळ. वाटेवरचं एवढं एक खाचर दरसाल खराब ठेवायचं, आणि त्याच्या बदल्यात सुगीत घरटी एक पायली भात कुशाबाच्या घरी पोचतं व्हायचं. कुशाबा हो म्हणाला. दोन वर्षांनी तो साप चावून गेला आणि वसा त्याच्या बायकोकडे आला. तुळजाबाईकडे.

शेत खराब ठेवणं सोपं असतं असं वाटतं ना? मलाही वाटायचं. ते खाचर गावातलं एक नंबर होतं. काळी चिकण माती, वरून ओहोळाचं पाणी, नुसतं बी फेकलं तरी आंबेमोहर उभा राहील. ते बिघडवायला अक्कल लागायची. तुळजाबाई तिथे रोपांसाठी शेण-पाला जाळून राब भाजायची नाही. रोपं मुद्दाम जून होऊ द्यायची आणि सगळ्या गावाची आवणी उरकली की मग लावायची. इतकं करूनही भात जोर धरायचंच. मग भादव्यात, भात पोटरीला आलं, दाणा धरायची वेळ आली की ती एकटी जाऊन बांध फोडायची आणि पाणी सोडून द्यायची. एकदा मी सायकलवरून जाताना ते पाहिलं. खोऱ्यानं बांध फोडून ती पाठ करून बसली होती. पाणी वाहून जाईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी सगळं जाणत होतो. पंचनाम्यावर गावाच्या पाच जणांच्या सह्या, खाली माझी. पाच आणे. साडेपाच आणे. एका साली चुकून पावसानं हात दिला आणि सहाला टेकलं, तेव्हा हैबतराव माझ्यावरच रुसले होते.

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर चावडीवर नोटीस लागली. गावची दोनशे एकर जमीन शेतीतून काढून मोठ्या कारखान्यासाठी राखायची होती. कसला कारखाना, तर यंत्रं बनवायचा. त्या दोनशे एकरांत वाटेच्या दोन्ही बाजू होत्या, म्हणजे तुळजाबाईचं खाचर तर पहिलंच. ज्यांना हरकत असेल त्यांनी फाल्गुनात प्रांतसाहेबांपुढे मांडायची होती.

मारुतीच्या देवळात सभा सुरू झाल्या. पहिल्या सभेला माणूस मावत नव्हता. चौथ्या सभेला निम्मे लोक खांबाला टेकून डुलक्या घेत होते, आणि बोलणारे तेच, बोलणंही तेच.

"मला सांगा, भात लावून आपुन काय कमावलं?" असं कोंडिबा दर सभेत विचारायचा. त्याचा थोरला लेक खडकीला कामाला होता आणि दर शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून गावात यायचा. "चिखलात कंबरडी मोडली. माज्या बापाची मोडली, माजी मोडली. पोरांची तरी ऱ्हाऊ द्या. कारखाना आला तर रस्ता यील, बत्ती यील."

"बत्ती यील आन् जमीन जाईल," गेणबा म्हणायचा. गेणबा सत्तरीचा, त्याला विरोध करायला कुठलंही कारण पुरायचं. "बत्तीखाली बसून खानार काय रं?"

"पगार!"

"तुज्या लेकाला मिळंल पगार. मला कोन ठेवतंय कामाला?"

मग हसू व्हायचं, मग कुणीतरी कुणाचा बाप काढायचं, मग हैबतराव उठून दोघांना बसवायचे. खरं सांगतो, मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही कंटाळा यायचा. पाठीत कळ आली की माणसाला तत्त्व सुचत नाही, घर सुचतं.

बायका देवळाबाहेर ओट्यावर बसायच्या. चौथ्या सभेत तुळजाबाई ओट्यावरूनच बोलली. आवाज चढवला नाही, तरी आत ऐकू आलं.

"माजं माह्यार धरनात गेलं. तवा बी आसंच देवळात बसून बोलत व्हते. माजा बाप रोज सांजंचा येऊन सांगायचा, आज ह्यो आसं म्हनला, त्यो तसं म्हनला. एक दिवस देवळात पानी आलं. तवा काय करायचं ते आत्ताच ठरवा, नुसतं बोलू नगा."

मग मतं घेतली. हात वर करून मोजले तर विरोधात जेमतेम सात जास्त निघाले. ठराव झाला: जमीन देणार नाही. हैबतराव मला म्हणाले, "लिवा, भाऊसायेब. जमीन लई चांगली हाय, दुपिकी हाय, लेकरांच्या तोंडचा घास हाय. समदं लिवा."

मी लिहिलं. लिहिता लिहिता नोटिशीचा दुसरा कागद वाचला आणि माझा हात थांबला. त्यात जागा का निवडली ते दिलं होतं. 'सदर जमीन हलक्या प्रतीची असून गेल्या बारा वर्षांची सरासरी आणेवारी सहाच्या आत आहे.'

मी तो कागद हैबतरावांपुढे धरला. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली, परत उघडला.

"मंजी आपुनच लिवून दिलं व्हय?" ते म्हणाले.

"आपणच," मी म्हणालो.

मोजक्या माणसांत तिथेच खल झाला. शेवटी ठरलं ते असं, की जमीन चांगली आहे एवढंच म्हणायचं, आणेवारीचं नाव काढायचं नाही. साहेब तरी एवढे जुने कागद कशाला उकरतोय! मला आत कुठेतरी ठाऊक होतं की उकरणार. पण मीही मान डोलावली.

प्रांतसाहेब वयानं लहान होते. चष्मा, स्वच्छ कपडे, बोलणं हळू. शाळेच्या एका खोलीत टेबल टाकलं होतं आणि पोरांच्या बसायच्या पट्ट्यांवर गाव बसलं होतं. त्यांनी ठराव नीट वाचला. मग त्यांच्या कारकुनानं एक बासन सोडलं. बारा पंचनामे, ओळीनं लावलेले.

"ही सही कोणाची?" त्यांनी हैबतरावांना विचारलं.

"माजीच जी."

"आणि ही?"

"ती बी माजीच."

"मग जमीन हलकी आहे असं तुम्हीच बारा वर्षं सरकारला सांगत आलात. आज म्हणता दुपिकी आहे. यातलं खोटं कोणतं?"

हैबतरावांच्या तोंडात देवाचं नाव आलं, पण पुढचं वाक्य आलं नाही.

"मी दमदाटी करत नाही," साहेब म्हणाले. "पण पंचनामे खोटे असतील तर सह्या करणाऱ्या सगळ्यांवर फौजदारी होईल. आणि तहकूब केलेला सारा साऱ्या गावाकडून वसूल होईल. पंचनामे खरे असतील तर तुमची हरकत टिकत नाही. काय ते तुम्ही ठरवा. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. सह्या करणाऱ्यांत कोंडिबा होता, गेणबाही होता. चार सभांत ज्यांचं एका गोष्टीवर पटलं नव्हतं ते दोघं एकाच वेळी खाली बघत होते. गावाचं एकमत मी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा तुळजाबाई उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि टेबलापाशी गेली.

"सायेब, ती आनेवारी गावाची न्हाई. माज्या एकल्या खाचराची हाय. दरसाल तेवढंच मोजत्यात."

"तुमचं खाचर हलकं आहे?"

"न्हाई जी. गावात तसलं दुसरं न्हाई. मी त्ये खराब करत व्हते."

साहेबांनी चष्मा काढला. "खराब करत होता?"

"व्हय. राब भाजला न्हाई. आवनी उशिरा केली. पोटरीतलं पानी सोडलं. धनी व्हते तवा त्यांनी केलं, मागनं म्या केलं. कुनी जबरी केली न्हाई, घरटी पायली भात देत व्हते मला. गुन्हा असंल तर माजा धरा, पन जमिनीला हलकी म्हनू नगा. चला माज्यासंगं, हितं तर हाय. माती हातात घिऊन बघा."

तिला खटला कळत नव्हता असं नाही. तिला सगळं कळत होतं. ती गावाच्या वतीनं तुरुंगात जायला निघाली होती आणि बदल्यात एवढंच मागत होती की तिच्या शेताला कुणी वाईट म्हणू नये. त्या बाईपुढे आम्ही बाकीचे किती टीचभर होतो हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. दिसून काय उपयोग झाला ते पुढं सांगतो.

साहेब हैबतरावांकडे वळले. "बाई म्हणतात ते खरं आहे?"

हैबतरावांनी घसा साफ केला. एकदा, दोनदा. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मालक सापानं गेल्यापास्नं बाय जरा तशीच हाय, सायेब. गाव सांबाळून घेतंय."

मागून कुणीतरी "व्हय जी" म्हणालं. आणखी एक "व्हय जी" आलं. तुळजाबाईनं मागं वळून गावाकडे पाहिलं. रागानं नाही. कोण कोण बोललं ते तिला बघायचं होतं, एवढंच.

"तलाठी," साहेब म्हणाले, "तुमच्या समोर झालेले पंचनामे आहेत. नोंद बरोबर आहे?"

मला निवृत्तीला चार वर्षं होती. दोन मुली लग्नाच्या होत्या. हे मी सबब म्हणून सांगत नाही, त्या क्षणी डोक्यात जे होतं ते सांगतोय.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो.

पेटी सायकलला बांधत होतो तेव्हा ती माझ्याजवळून गेली. मी काही बोलायच्या आत तीच थांबून म्हणाली, "लेकींची कुटं ठरली का वो, भाऊसायेब?"

"नाही अजून," मी म्हणालो.

"ठरतील," ती म्हणाली आणि गेली. तिनं मला चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

वैशाखात निकाल लागला. जमीन कारखान्याला. ताबा मात्र सुगीनंतर घेणार होते, तोवर उभं पीक काढायची मोकळीक होती. ज्यांची जमीन जायची होती त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या वर्षी कसंबसं उरकलं. जाणाऱ्या जमिनीत कोण कशाला जीव ओतेल? तुळजाबाईनं मात्र चैत्रापासूनच शेण वाळवायला घेतलं होतं. ती आणि तिची सून जया, दोघींनी डोंगरातून पाला आणला, राब भाजला. आवणीला सावडीनं, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, कुणी येईना. बोलावलं असतं तर आले असते, पण तिनं बोलावलं नाही आणि तोंड दाखवायची कुणाला हिंमत नव्हती. दोघीच वाकून लावत राहिल्या. मी येता-जाता बघायचो. श्रावणात त्या खाचराचा रंग असा काही निघाला, की वाटेनं जाणारा माणूस बोलत असला तर बोलायचा थांबायचा.

भादव्यात हैबतराव माझ्याकडे आले. एकट्यानं जायची लाज वाटत होती म्हणून मला बरोबर घेतलं आणि आम्ही दोघं तिच्या बांधावर गेलो. ती गवत काढत होती.

"तुळजाबाय," हैबतराव म्हणाले, "भात पोटरीला आलं की."

"व्हय, आलं."

"न्हाई, म्हंजी... ही जमीन तर गेलीच. पन गावाची बाकीची ऱ्हायली हाय न्हवं? त्येची आनेवारी व्हनार. सर्कल यील तो हितंच थांबनार, वाटंवर. तवा औंदा एवढं पानी..."

मला वाटलं ती आता ओरडेल. तिनं विळा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सरपंच, तुमी लई दमलाय," ती म्हणाली. "बसा हितं बांधावर. जया, सरपंचास्नी पानी दे."

हैबतराव बसले, पाणी प्यायले. तो एवढा सहा फुटी गडी तिथे बसून डोळे पुसत होता. तिनं परत गवत काढायला घेतलं. बांध तिनं फोडला नाही. परत येताना हैबतराव गेणबाच्या खाचराकडे वळले, आणि गेणबानं त्या वर्षी घरटी दीड पायली मागून घेतली.

कार्तिकात सर्कल आले, ठरल्याप्रमाणे पहिल्या बांधावर थांबले. लोंब्या इतक्या भरल्या होत्या की भात एका अंगाला कलंडलं होतं. सर्कल नवीन होते, त्यांनी तोंडात बोट घातलं. "हे काय हो? तुमच्या गावाची आणेवारी तर पाच असते."

"ह्यो नंबर कारखान्यात गेला, सायेब," हैबतराव घाईनं म्हणाले. "ह्यो धरायचा न्हाई. फुडं चला."

तुळजाबाई विळा घेऊन बांधावर उभी होती. "मोजा की," ती म्हणाली.

सर्कल माणूस वाईट नव्हता. समजावल्यासारखं म्हणाला, "बाई, हे आता शेत नाही. सरकारी कागदावर ही कारखान्याची जागा आहे. इथलं पीक कसं मोजू?"

"मग ह्ये काय हाय?" तिनं भाताकडे हात केला.

हैबतराव त्यांना घेऊन गेणबाच्या खाचराकडे गेले. मी पेटीचं निमित्त करून मागं राहिलो.

"भाऊसायेब, तुमी तरी मोजा," ती म्हणाली.

मी साखळी काढली. गुंठा आखला. दोघींनी कापलं, पाटावर झोडलं, मी काटा धरला आणि वजन केलं. मी दोनदा केलं, कारण माझा विश्वास बसेना. कागदावर आकडे मांडले तर सोळाच्याही वर जात होते. सोळाच्या वर आणे नसतात.

"किती?"

"सोळा," मी म्हणालो.

"लिवा."

मी पेटीतून वही काढून मांडीवर उघडली. तिच्या नंबरापुढची ओळ मी त्याच सकाळी कचेरीच्या हुकमाप्रमाणे भरून ठेवली होती, आणि तिथं खाडाखोड करायची मला मुभा नव्हती. मी टाकाची उलटी बाजू कागदावरून हळूहळू फिरवली. तिला वाचता येत नव्हतं.

"वाचून दावा," ती म्हणाली.

मी वाचलं. "तुळजाबाई भ्रतार कुशाबा. जमीन एक नंबर. पीक आंबेमोहर. सोळा आणे."

"परत वाचा."

मी परत वाचलं. शब्द एकही चुकलो नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि सुनेला म्हणाली, "चल गं, ऊन व्हायच्या आत उरल्यालं कापू." दोघी वाकल्या. मी वही तशीच मांडीवर धरून बसलो होतो, आणि तिच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पीक नाही.